खोकायलाही बळ लागतं

खोकला आपल्याकडे तक्रारीत मोडतो. अडुळसा, ज्येष्ठमध, आल्याचा रस, हळदीचं दूध अशी सगळी तयारी घरात असते, ती त्याला थांबवण्यासाठी. छातीच्या डॉक्टरांच्या लेखी मात्र खोकला हे फुप्फुसांचं शेवटचं संरक्षण आहे. आधी खोल श्वास आत जातो, मग क्षणभर घसा मिटतो, पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू आवळले जातात, छातीत दाब साठतो आणि घसा उघडताच हवा जोराने बाहेर पडते. निरोगी प्रौढाच्या खोकल्यात हा झोत मिनिटाला ३६० लिटरच्या पुढे जातो. तो १६० च्या खाली आला की कफ सुटून वर येणं अवघड होतं. हा हिशेब आपल्याला कधी करावा लागत नाही, कारण आपले पोटाचे स्नायू न सांगता कामाला लागतात.

ज्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आहे, त्यांच्यापैकी अनेकांना हा हिशेब रोज करावा लागतो. झाडावरून, छपरावरून, बांधकामाच्या परांचीवरून पडणं, नाहीतर रस्त्यावरचा अपघात, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांना अशी इजा होते. या जगात माणसांची ओळख मणक्याच्या क्रमांकाने होते; ‘सी’ म्हणजे मानेचा मणका, ‘डी’ म्हणजे छातीमागचा. कोणी ‘सी-६’, कोणी ‘डी-४’, कोणी ‘डी-१२’. हात शाबूत असले तर ‘पॅरा’, हातही गेले तर ‘क्वाड’. बाहेरच्या माणसाला दिसते ती फक्त व्हीलचेअर. चालता येत नाही एवढंच त्याच्या लक्षात येतं. श्वासाचं काय झालं, हे दिसत नाही.

श्वासपटलाची नस मानेत, तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघते. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा छातीच्या भागातून आणि पोटाच्या स्नायूंच्या मुख्यतः त्याच भागाच्या खालच्या पातळ्यांतून. म्हणून सी-६ ला इजा झालेला माणूस स्वतःच्या बळावर श्वास घेऊ शकतो, पण जोर लावून हवा बाहेर टाकू शकत नाही. त्याचा खोकला म्हणजे घशातला एक बारीक आवाज. डी-४ वाल्याचे दंड पिळदार असतात, तो खुर्ची झोकात चालवतो, पण पोट त्याच्या हुकमात नसतं, त्यामुळे त्याचाही खोकला पोकळ. डी-१२ वाल्याचा श्वास मात्र बहुतेक पूर्वीसारखाच. मानेच्या इजेत आणखी एक भानगड होते. श्वासनलिका सैल ठेवणाऱ्या नसांचा मेंदूशी संबंध तुटतो आणि आवळणाऱ्या नसेचा अंमल उरतो. नळ्या अरुंद होतात, कफ वाढतो. म्हणजे काढायचा कचरा जास्त आणि काढायची ताकद कमी.

कोकणातल्या माझ्या परिचयाच्या एका घरात आंब्यावरून पडलेला, सी-६ चा तरुण आहे. रात्री त्याची छाती घरघरायला लागली की आई उठते. त्याला कुशीवरून उताणा करते, उशी सारखी करते, दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर टेकवते. “घे रे श्वास. अजून घे. हां, आता.” तो खोकायचा प्रयत्न करतो त्याच क्षणी ती आत आणि वर असा दाब देते. क्षणाचीही चूक चालत नाही. दाब आधी पडला तर श्वासच अडतो आणि उशिरा पडला तर वाया जातो. चार-पाच वेळा केलं की कफ तोंडाशी येतो, ती फडक्याने पुसून घेते. इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्टने तिला हे शिकवलं. तेव्हापासून त्याचं अर्धं खोकणं तिच्या मनगटांत आहे. ती लग्नाकार्याला परगावी गेली तर तिची जाऊ येऊन राहते, कारण घरात तो दाब जमणारी दुसरी तीच. आमरसाच्या दिवसांत जेवण जड झालं तर दाब देता येत नाही, उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. म्हणून रात्रीचं जेवण लवकर. सर्दी झालेला पाहुणा आला तर त्याला पडवीतूनच चहा पाजून वाटेला लावतात. गावाला यात तुसडेपणा दिसतो.

या इजेच्या उपचारांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा माणसाला वाचवायचा प्रयत्न करणं डॉक्टरांनाही फारसं सयुक्तिक वाटत नसे. शय्याव्रण आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांत तो जाणारच, असं धरून चालत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी दर काही तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि खेळ यांची शिस्त घालून दिली आणि ‘अटळ’ मानलेलं मरण टाळता येतं हे दाखवून दिलं. तीच परंपरा आपल्याकडे आली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. १९७४ साली खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. पुढे कॅथेटरच्या चांगल्या पद्धती आल्या आणि पाश्चात्त्य देशांत मूत्रपिंड निकामी होऊन मरणाऱ्यांची संख्या घटली. तेव्हा पुढचा शत्रू समोर आला. आज तिथल्या नोंदींत मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियासारखे श्वसनाचे आजार अग्रभागी असतात.

बोस्टनमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधकांनी १९९४ ते २००० या काळात इजा होऊन किमान वर्ष उलटलेल्या ३६१ पुरुषांची फुप्फुसं तपासली आणि पुढे कोणाचं काय झालं याचा माग ठेवला. मरणाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसांची घटलेली क्षमता आणि धूम्रपान. यातली एकही गोष्ट मणक्याच्या क्रमांकाइतकी न बदलणारी नाही. ‘मणका गेला म्हणून गेला’ असं म्हणून आपण ज्याचा निकाल लावतो, त्यातलं बरंच काही टाळता येण्यासारखं असतं.

पण हे टाळणं कोणाच्या हातात असतं? मूत्रपिंड आणि फुप्फुस यांच्यातला फरक माझ्या मते इथेच सुरू होतो. शय्याव्रण टाळायला घरातल्यांची शिस्त पुरते. मूत्राशय सांभाळायला कॅथेटर, स्वच्छ हात आणि घड्याळ लागतं. हे सारं महागडं आणि कष्टाचं आहे, पण चार भिंतींच्या आत आहे. फुप्फुसात काय जाणार हे मात्र गाव ठरवतं. कचरा पेटवणारा, बांधकामावर जाळी न लावणारा, जनरेटर चालवणारा, फटाके उडवणारा, असे सगळे मिळून ते ठरवतात. रोगी आणि त्याची आई यांनी कितीही शर्थ केली तरी या टप्प्यावर त्यांचा इलाज संपतो.

धूर शरीरात काय करतो ते थोडक्यात सांगतो. श्वासनलिकांच्या आतल्या पदरावर सूक्ष्म केसांची अखंड झाडलोट चाललेली असते. धूळ आणि जंतू चिकटलेला कफ ते वर ढकलत राहतात. धुरामुळे ते मंदावतात, काही नष्ट होतात. विडी ओढणारा सकाळी उठून खोकत बसतो, कारण केसांनी सोडलेलं काम आता खोकल्याने करायचं असतं. म्हणजे निरोगी माणसाकडे दुसरी फळी आहे. क्वाडकडे ती नाही. शहरातली हवा तुमच्या-माझ्या घशात जी खवखव करते, ती त्याच्या छातीत साठून राहू शकते आणि साठलेला कफ ही न्यूमोनियाची आयती जागा.

दिवाळीचा अंक हातात घेऊन हे वाचताना फटाक्यांचा विषय निघणारच. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांच्या साहाय्याने काही फटाक्यांचा धूर जवळून मोजला आणि २०१६ मध्ये आकडे मांडले. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची घनमीटरमागे कमाल पातळी फुलबाजीच्या धुरात सुमारे १०,३९० मायक्रोग्रॅम निघाली आणि नागगोळीच्या धुरात ६४,५००. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराच्या सरासरीची मर्यादा आहे १५, भारतातली ६०. क्षणभराचा उच्चांक आणि दिवसाची सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरं. तरी यातला धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ज्या फटाक्याला आवाज नाही म्हणून आपण तो लहानग्यांच्या हाती निर्धास्त देतो, तोच सर्वांत जास्त धूर ओकतो. आणि तो पेटतो कुठे? उंबरठ्याशी, जिन्याखाली, इमारतीच्या अंगणात. घरात व्हीलचेअर आली की बहुतेक कुटुंबं वरचा मजला सोडून तळमजल्यावर येतात, कारण लिफ्ट नसते, नाहीतर तिच्या दारातून खुर्ची जात नाही. त्या तळमजल्याच्या खिडकीसमोरच अंगण असतं.

एका रात्रीवर सगळं खापर फोडण्यात मात्र अर्थ नाही. मच्छरांची एक कॉइल रात्रभर जळते तेव्हा तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं एक जुनं मोजमाप सांगतं. ज्याला स्वतःच्या पायावरचा डास हाकलता येत नाही आणि चावलेलं कळतही नाही, त्याच्या खाटेखाली कॉइल लावली जाते ती मायेपोटीच. मच्छरदाणी हा त्यावरचा साधा, धूर नसलेला उपाय. चुलीचा धूर, देव्हाऱ्यातली उदबत्ती, लसणाची फोडणी, शेजारच्या प्लॉटवरची सिमेंटची धूळ हे सगळं बारमाही आहे. आणि त्यात उन्हाळा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर शरीराला खालच्या भागात नीट घाम येत नाही, तापमान बाहेरच्या हवेबरोबर चढतं. विदर्भातल्या मे महिन्यात अशा माणसाला खिडक्या लावून घ्यायला सांगणं म्हणजे धुळीतून काढून उष्माघाताच्या तोंडी देणं. पाणी भरपूर प्यावं म्हणावं, तर बाहेर पडायच्या दिवशी तो पाणी तोडतो, कारण वाटेत खुर्ची जाईल असं स्वच्छतागृह नसतं. पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी आणि छातीतला कफ यांचा संबंध असा आहे, पण ही दोन्ही कामं पाहणारी सरकारी खाती एकमेकांशी बोलत नाहीत.

हवा बिघडली की सरकारी सल्ला येतो: संवेदनशील व्यक्तींनी घराबाहेर पडणं टाळावं. देशात २०१५ पासून हवा निर्देशांक सहा रंगांत जाहीर होतो. त्यातल्या ‘मध्यम’ गटाच्या सूचनेत दमा आणि फुप्फुसाचे रोगी, हृदयरोगी, मुलं आणि वृद्ध यांचा उल्लेख आहे. फुप्फुस निरोगी आहे पण खोकता येत नाही, असा माणूस त्या यादीत सापडत नाही. सापडला तरी सल्ल्याचा उपयोग काय? इजेनंतरचं सगळं पुनर्वसन ‘घराबाहेर पड’ या एका वाक्यासाठी असतं. खुर्चीवर बसायला शिकणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं, नोकरी शोधणं, सगळं त्यासाठी. इतक्या कष्टाने उंबरठा ओलांडलेल्या माणसाला आपण म्हणतो, आज हवा वाईट आहे, आतच बस. मास्क लाव म्हणावं तर श्वासाचे स्नायू आधीच अशक्त, त्यावर मास्कचा अडथळा, आणि गुदमरलं तर तो काढायला बोटं चालत नाहीत. हवा शुद्ध करणारं यंत्र बंद खोलीत चालतं, विजेवर चालतं आणि त्याच्या जाळ्या वरचेवर बदलाव्या लागतात. प्रदूषण करणारे बाहेर मोकळे आणि ज्याने काहीच केलं नाही तो घरात, ही विभागणी आपल्याला खटकत नाही, कारण घर हेच अपंग माणसाचं स्वाभाविक ठिकाण आहे असं आपण मनोमन धरून चालतो.

२०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, २०१६ मध्ये दिव्यांग हक्कांचा नवा कायदा आला. त्यानंतर रॅम्प, लिफ्ट, पायऱ्यांचे कठडे यांच्याबद्दल निदान बोललं जाऊ लागलं. या कायद्याच्या आठव्या कलमात आपत्तीच्या काळात दिव्यांगांच्या संरक्षणाची जबाबदारी सांगितली आहे. पूर आणि भूकंप आपल्याला आपत्ती म्हणून दिसतात. आठवडाभर साचून राहिलेली हवा तशी दिसत नाही. दुसरीकडे २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत, देशात सर्वांत जास्त. त्यांचे आराखडे रस्ते झाडणं, पाणी मारणं, वाहनं मोजणं यांबद्दल बोलतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० अशी आखून दिली, ती सर्वांच्या श्वासासाठी. पण हवेच्या कोणत्याही चर्चेत खुर्चीवरचा माणूस साक्षीला बोलावलेला मला दिसत नाही आणि दिव्यांगांच्या सोयींच्या चर्चेत हवा हा शब्द येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हवा हीसुद्धा सुगम्यतेचा भाग मानली पाहिजे. रॅम्प चढून बाहेर आलेल्याला बाहेर श्वास घेता आला नाही, तर रॅम्पचा खर्च फुकट गेला.

हे कबूल केलं तर करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. इस्पितळातून घरी पाठवताना शय्याव्रणाच्या सूचनांबरोबर घरातल्या किमान दोघांना खोकल्याचा दाब शिकवावा, एकट्या आईवर सोडू नये. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी न विसरता द्याव्यात. खाटेजवळ विडी-सिगारेट नको, रोग्याच्या हातात तर नकोच. निर्देशांकाच्या सूचनेत ‘ज्यांचा खोकला अशक्त आहे’ एवढे शब्द वाढवावेत. हवा बिघडण्याचा अंदाज आला की पाऊल आधी प्रदूषण करणाऱ्याविरुद्ध उचलावं. बांधकाम थांबवावं, कचरा पेटवणाऱ्याला दंड करावा, आणि रोग्याला घरात बसायला सांगणं हा शेवटचा उपाय राहावा. सोसायट्यांनी फटाक्यांची जागा तळमजल्याच्या खिडक्यांपासून दूर ठरवावी. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची गरज नाही, एका बैठकीची आहे.

हवेची मर्यादा ठरवताना कोणाचं शरीर डोळ्यांसमोर ठेवायचं, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नागरिकत्वाचाही आहे. आजवर आपण धडधाकट माणूस मध्यभागी ठेवला आणि बाकीच्यांना ‘संवेदनशील’ म्हणून कडेला बसवलं. मोजमाप उलट्या टोकापासून सुरू केलं, ज्याला खोकताही येत नाही त्याला पुरेल एवढी हवा स्वच्छ ठेवली, तर दमेकरी, तान्ही मुलं, म्हातारे आणि धडधाकट सगळेच त्यात बसतात. धडधाकट माणसाच्या मापाने सुरुवात केली तर हे होत नाही.