स्थळ: बेंगळुरू

हिंजवडीच्या एका कंपनीत एक मुलगा होता. मूळचा बार्शीचा, राहायला वाकडला, जावावर चार वर्षं काम केलेला. त्याला स्विच मारायचा होता. नोकरी बदलायची होती, असंही म्हणता येईल. पण हिंजवडीत नोकरी कुणी बदलत नाही, स्विचच मारतात.

स्विच मारायचा तर रेझ्युमे हवा. सगळे करतात तेच त्यानं केलं. एका सीनियरला मेसेज टाकला, ‘दादा, तुझा फॉरमॅट पाठव ना.’ दादानं लगेच पाठवला. दादाला तो त्याच्या लीडकडून मिळालेला, लीडला आणखी कुणाकडून. आहेरात आलेल्या भांड्यावरचं जुनं नाव खरवडून नवं कोरावं आणि भांडं पुढच्या लग्नात द्यावं, तसा तो रेझ्युमे फिरत आला होता.

चार पानं होती. वरती ध्येय: आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा आणि कंपनीचा उत्कर्ष. मग तंत्रज्ञानांची यादी, तिच्यात सी प्लस प्लसपासून एमएस ऑफिसपर्यंत सगळं. मग प्रोजेक्ट, प्रत्येक ओळीची सुरुवात ‘रिस्पॉन्सिबल फॉर’नं. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद, आणि ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. मुलानं नाव, नंबर आणि ईमेल बदलला, आपले दोन प्रोजेक्ट घुसवले, पीडीएफ केली आणि पाठवून दिली.

बाणेरहून बोलावणं आलं. समोरच्या बाईंनी चारही पानं छापून घेतली होती आणि हातात पेन्सिल होती. पेन्सिलवाला परीक्षक दिसला की उमेदवारानं सावध व्हावं.

“स्ट्रट्स वन लिहिलंय. केलंय काम?”

“थोडंफार, मॅडम.”

“त्याचा सपोर्ट अपाचेनं २०१३ मध्ये बंद केला. तुम्ही तेव्हा शाळेत असाल.”

मुलगा गप्प. बाईंनी पान उलटलं.

“बेंगळुरूला कधी होता?”

“मी? कधीच नाही.”

“खाली लिहिलंय. स्थळ: बेंगळुरू. माहिती खरी असल्याच्या बरोब्बर खाली.”

आता हा उठून जाणार, इतक्यात बाईंनीच पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, “हे राहू द्या. गेल्या वर्षभरात एखादी गोष्ट अडली आणि तुम्ही सोडवली, असं काही आहे?”

तो आधी चाचरला, मग सुटला. एका सहकारी बँकेचं काम होतं. दिवसअखेरचा अहवाल निघायला चाळीस मिनिटं लागायची, तोवर शाखेतले लोक घरी जाऊ शकत नसत. सगळे म्हणत होते सर्व्हर वाढवा. यानं ओरॅकलचा एक्झिक्युशन प्लॅन काढून पाहिला. क्वेरीत तारखेच्या कॉलमला फंक्शन लावलेलं, त्यामुळं तारखेवरचा इंडेक्स असून नसल्यासारखा. डेटाबेस रोज अख्खं टेबल चाळत होता. यानं फंक्शन काढून ‘या वेळेपासून त्या वेळेपर्यंत’ अशी अट घातली, शाखा आणि तारीख मिळून एक नवा इंडेक्स केला. अहवाल तीन मिनिटांत यायला लागला. नवा सर्व्हर घ्यावाच लागला नाही.

“हे इथं कुठं आहे?” बाईंनी चारही पानं त्याच्यापुढं सरकवली.

कुठंच नव्हतं. तिथं होतं: रिस्पॉन्सिबल फॉर डेव्हलपमेंट अँड मेंटेनन्स.

“जे तुम्ही केलंत ते कागदावर नाही, आणि कागदावर आहे ते तुम्ही केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “मी काय वाचायचं?”

ती नोकरी त्याला मिळाली नाही. मिळायलाही नको होती.

त्या शनिवारी तो कोऱ्या फाईलपुढं बसला आणि त्याला कळलं की खोटं लिहायला अर्धा तास पुरतो, खरं लिहायला आठवावं लागतं. त्यानं जुनी तिकिटं उघडली, गिटमधले आपले कमिट चाळले. ‘आम्ही केलं’ असं लिहायची सवय होती. त्यातलं आपण नेमकं काय केलं, हे वेगळं काढताना त्याला दोनदा लाज वाटली आणि एकदा अभिमान. एका कामामुळं चुका निम्म्यावर आल्या असं टीममध्ये सगळे म्हणायचे, पण नोंद कुठं सापडेना. तो आकडा त्यानं लिहिला नाही. बँकेचं नाव करारामुळं टाकता येत नव्हतं, तिथं नुसतं ‘एक सहकारी बँक’ केलं. यादीतून, विचारलं तर दहा मिनिटं बोलता येणार नाही ते सगळं काढलं. जावा, स्प्रिंग बूट, ओरॅकल आणि थोडं अँग्युलर एवढंच उरलं. फोटो, वडिलांचं नाव, छंद आणि प्रतिज्ञापत्र गेलं. रूममेटनं दोन रकान्यांचं रंगीत टेम्प्लेट सुचवलं, तेही यानं घेतलं नाही. रेझ्युमे आधी बऱ्याचदा सॉफ्टवेअर वाचतं, आणि शेजारशेजारचे रकाने त्यातली काही सॉफ्टवेअरं एकात एक मिसळून टाकतात.

शेवटी एक पान आणि वर चार ओळी झाल्या. त्या चार ओळी त्याला काढवेनात. मी असतो तर काढल्या असत्या.

‘एवढंच?’ रूममेट म्हणाला. ‘चार वर्षांचं?’

पुढचं बोलावणं खराडीचं. समोर त्याच्याच वयाचा एक जण होता. त्यानं पान वरून खाली पाहिलं, अहवालाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“नवा इंडेक्स टाकलात. मग नोंदी घालायला वेळ वाढला नाही?”

“वाढला. पण नोंदी दिवसभर एकेक करून यायच्या, तिथं तो कुणाला जाणवला नाही. अहवाल मात्र सगळ्या शाखा एकाच वेळी मागायच्या.”

“आणि इंडेक्समध्ये शाखा आधी का? तारीख का नाही?”

“फळ्यावर दाखवू?”

त्यानं मार्कर पुढं केला. दोघं पाऊण तास फळ्यापाशी होते आणि मधे दोनदा भांडले. पगाराचं बोलणं पुढच्या आठवड्यात झालं. तिथं आमचा मुलगा अगदीच कच्चा निघाला, पण ती गोष्ट वेगळी.