निर्माल्य उतरवल्याशिवाय

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



या वेळच्या पत्राला आठ दिवस उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा मागते. ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, पत्र कधी?" उशिराचं कारण सांगता सांगताच या वेळचं चिंतन होईल, म्हणून वेगळा विषय घेतला नाही.

आपलं पत्र मी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करते आणि गुरुवारचा ऑनलाइन सत्संगही त्यावरूनच चालतो. कॉम्प्युटर सात वर्षांचा. गेले दोन महिने त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. मी दुर्लक्ष केलं. मग त्या गुरुवारी पोथीचा अध्याय निम्म्यावर असताना पडदा काळा झाला तो झालाच. मी फोनवरून मेसेज टाकला, 'नेटवर्क गेलं.' ते खरं नव्हतं. बिचाऱ्या नेटवर्कवर आपण काय काय ढकलतो!

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावलं. आमच्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा, डिप्लोमा करतो. दोन्ही घरांमध्ये फक्त अंगण आहे. मोठ्यांचं जाणं-येणं बंद होतं, मुलांचं कधी थांबलं नाही. त्याने डबा उघडला तर आत तांबडी धूळ, आपल्या खाणपट्ट्यातल्या घरांना ती नवी नाही. पण तो म्हणाला, "काकी, धूळ हे अर्धंच कारण. खरी गोष्ट खाली आहे."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, साधारण काडेपेटीएवढा. काम करताना तो तापतो. त्याच्यावर हीटसिंक नावाचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो, पातळ पातळ पापुद्र्यांचा. तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर टाकतो. आता प्रोसेसरची पाठ आणि ठोकळ्याचा तळ हे दोन्ही आपल्याला आरशासारखे सपाट वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा राहते. उष्णता वाहून नेण्यात हवा तांब्याच्या सुमारे १५,००० पट मागे आहे. म्हणजे दोघं अंगाला अंग लावून बसलेले, पण मधल्या हवेमुळे एकाचा ताप दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. हे खड्डे भरण्यासाठी मध्ये राखाडी मलमासारखी थर्मल पेस्ट लावतात. वर्षं गेली की ती वाळते, कडक होते, तडकते. पुन्हा हवा शिरते. प्रोसेसर आधी स्वतःला वाचवायला मंद चालतो आणि १०० अंशांच्या आसपास गेला की बंदच पडतो. आमची पोथी तशी थांबली होती.

मी म्हटलं, "मग वरून थोडी नवी लाव की."

तो हसला. "जुन्यावर नवी लावायची नसते, काकी. खालचा थर तसाच राहतो, वर जाडी तेवढी वाढते आणि मध्ये हवा अडकते."

हे ऐकून मी थोडी गप्प झाले. का, ते पुढे सांगते. आधी त्याने जे केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे काम निघालं तर उपयोग होईल.

ठोकळा काढायच्या आधी त्याने कॉम्प्युटर दहा मिनिटं चालू ठेवला. मला वाटलं, बिघडलेल्याला आणखी कशाला तापवतो? तर वाळलेली पेस्ट उबेने जरा सैल पडते. मग बंद करून प्लग काढला, डब्याच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, ठोकळ्याची पकड सोडवली. आणि ठोकळा सरळ वर न खेचता हळूहळू डावीकडे, उजवीकडे फिरवला. काही प्रोसेसरांना खाली हजारावर बारीक पाय असतात, टाचणीच्या टोकासारखे. सरळ खेचलं तर चिकटलेला प्रोसेसरच उपटून येतो आणि पाय वाकतात. "जोर लावला की संपलं," तो म्हणाला.

सुटल्यावर दोन्हीकडे सिमेंटसारखा राखाडी थर दिसला. मी लगेच भांडी घासायची काथ्या आणायला उठले! त्याने थांबवलं. ओरखडा पडला तर नवा खड्डा. पाणी नको, नेलपॉलिश काढायचं द्रावण नको, सॅनिटायझरही नको, कारण त्यातले चिकट पदार्थ मागे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९० टक्क्यांच्या वरचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. चष्मा पुसायच्या मऊ फडक्यावर थोडं घ्यायचं, द्रव थेट ओतायचा नाही, आणि कडेकडून मध्याकडे पुसायचं, म्हणजे मळ बाजूला पसरत नाही. फडका बदलत जायचं. साध्या कापसाचे तंतू राहतात. आणि बायांनो, हे द्रव पेट घेतं. मी देवघराशेजारीच टेबल मांडलं होतं, समई तेवत होती. ती आधी शांत केली, खिडक्या उघडल्या, मग बाटली उघडली.

पुसून झाल्यावर ते द्रव आपोआप उडून गेलं, मागे काही राहिलं नाही. मला कापराची आठवण झाली. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत, त्यात आचार्योपासनेच्या लगेच पुढचा शब्द आहे शौच. ज्ञानेश्वर माउलींनी गुरुसेवेवर भरभरून लिहिलं आणि शौचाकडे आल्यावर कापराचा दृष्टांत दिला, आतबाहेर सारखाच शुद्ध. गुरुसेवेला लागूनच शुद्धता ठेवली आहे, हे मी कितीदा वाचलं असेन. त्या दिवशी फडका हातात असताना ते मनात उतरलं.

फडक्यावरचा तो राखाडी मळ पाहून मी म्हणाले, "किती ही घाण!" पुतण्या म्हणाला, "घाण नव्हे, काकी. सात वर्षं हिनेच वाचवलं याला."

आपल्या केंद्रात पूजेची सेवा शिकवताना पहिलं काय शिकवतात? निर्माल्य उतरवणं. कालची फुलं आपण कचरा म्हणत नाही. काल ती श्रद्धेनेच वाहिलेली असतात. म्हणून ती हलक्या हाताने उतरवतो, माडाच्या मुळाशी ठेवतो. पण उतरवतोच. कालच्या सुकलेल्या माळेवर आजची माळ कुणी घालत नाही. देवापुढे कधी चुकत नाही ते माणसांत मात्र वर्षानुवर्षं चुकतं. माझं चुकलं.

मयेच्या लोकांना हे समजावून सांगायला नको, बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहिते. १९६१ च्या मुक्तीनंतर आमच्या गावातली बरीच जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारकडे राहिली. ज्या घरात पिढ्या गेल्या ते कागदावर आपलं नाही, अशी स्थिती. २०१४ साली विधानसभेत कायदा झाला आणि पुढे सनदा मिळू लागल्या. गावाला आनंद झाला. आमच्या घरात मात्र कागदावर कुणाचं नाव आधी यावरून बोलाचाली झाली. भाऊ भाऊ शांत होते. मी बोलले. मी म्हापशाच्या कॉलेजात शिकलेली, मोठ्या जाऊबाई चौथीपर्यंत. सगळ्यांच्या समोर मी म्हणाले, "ज्यांना सही धड करता येत नाही त्यांनी कागदात लक्ष घालू नये." एवढंच वाक्य. लिहितानाही हात अडतोय.

नंतर वाटणी सरळ झाली, सनदही मिळाली. पण दरवर्षी चवथीला थोरल्या घरी जायचं, माटोळीखाली उभं राहून गणपतीला हात जोडायचे, पानावर बसायचं आणि खाली मान घालून परतायचं, असं चालू राहिलं. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. दरवर्षी मी कुटुंबाच्या ग्रुपवर क्षमेचा एक सुंदर मेसेज टाकत होते, फुलांचं चित्र, खाली 'कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमस्व'. जाऊबाईही हात जोडलेलं चित्र पाठवत. दोघींचा मान राहत होता. जुन्यावर नवी पेस्ट, दरवर्षी एक थर. आणि 'कळत-नकळत' कसलं? मला चांगलं कळत होतं.

नवी पेस्ट लावताना पुतण्याने लहान वाटाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवला. मला तो कमी वाटला. तो म्हणाला की पेस्ट स्वतः तांब्यापेक्षा पन्नास-शंभर पट मागे असते. तिचं काम फक्त खड्डे भरायचं. जास्त झाली की तीच आडवी येते. मग ठोकळा ठेवून स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे आवळले, दाब सगळीकडे सारखा बसावा म्हणून. कॉम्प्युटर लावला, पडद्यावर ४६ अंश. आदल्या दिवशी नुसता चालू केला तरी ८० च्या वर जात होता.

रविवारी मी अंगण ओलांडून गेले. वाटेत माफीची लांबलचक वाक्यं जुळवत होते, मग तो वाटाण्याएवढा थेंब आठवला आणि सगळी सोडून दिली. लगेच विषयही काढला नाही. फणसाच्या बिया निवडायला बसल्या होत्या, त्यांच्याबरोबर निवडत बसले. पावसाचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. बऱ्याच वेळाने म्हटलं, "वयनी, सहीचं मी जे बोलले होते ते मुद्दाम बोलले होते. तुम्हांला लागावं म्हणूनच."

त्यांचे हात थांबले. "माझं मी कधीच सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी हा दारात उभा होता. नऊ-दहा वर्षांचा. रात्री मला विचारीत होता, आई, तुला सही येत नाही?" आणि मग त्याच रात्री त्याने पाटीवर त्यांना नाव गिरवायला लावलं, रोज, महिनाभर.

मला काही बोलता आलं नाही. त्याच मुलाने आदल्या दिवशी माझ्या घरात बसून, "काकी, जोर लावू नका" असं सांगत तो थर पुसला होता.

जाऊबाई उठल्या. "बस गो, च्या करतां," म्हणाल्या. चहा झाला, बिया संपल्या. त्यांनी मला पूर्ण क्षमा केली असं मी लिहिणार नाही, ते मला ठाऊक नाही. पण निघताना म्हणाल्या, यंदा माटोळीचं सामान आणायला दोघी मिळून डिचोलीच्या बाजारात जाऊ.

पुतण्याशी मी अजून बोलले नाही. येत्या रविवारी तो पंखा उघडून पुसायला येणार आहे.

पुढचा ऑनलाइन सत्संग गुरुवारी नेहमीच्या वेळी. राहिलेला अर्धा अध्याय तिथूनच पुढे घेऊ. 🙏

– आपली सेविका, मये केंद्र