पाचवीला पुजलेले काहीच नसते



ज्याच्यावर एकामागून एक संकटे कोसळतात, त्याच्याविषयी लोक म्हणतात, ‘दुःख त्याच्या पाचवीलाच पुजलेले आहे.’ मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे सारे आयुष्य लिहून जाते, ही समजूत या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. तिला लिहिता यावे म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सकाळी तो कागद कोराच असतो. पिढ्यान् पिढ्या आपल्या आयाबायांनी हे डोळ्यांनी पाहिले, तरी सटवाईच्या लेखावर कोणी शंका घेतली नाही.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा उतरवला. परंतु सटवाईचा मुक्काम देव्हाऱ्यात कधीच नव्हता. तो आपल्या जिभेवर होता. अकल्पित काही घडले की आजही तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘नशीब’. आमच्या काटेवाडीच्या परिसरात कितीतरी घरांचे गणित नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बसलेले आहे. पाण्याचे आवर्तन लांबले की पीक वाळते, शेतमजुराचा रोज बुडतो आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे घरखर्चात जातात. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि ते शोधता येते. पण ‘नशीब’ म्हटले की शोध तिथेच थांबतो.

नवदीक्षित घरावर याहून कठीण वेळ येते. दीक्षेला वर्षही झालेले नसते, तोच घरातले मूल तापाने फणफणते किंवा कमावता माणूस अंथरूण धरतो. भावकीतले कोणी उंबऱ्यावर येऊन म्हणते, ‘देव सोडलेत, मरीआईला विसरलात, आता भोगा.’ आईचे मन कातर होते. एक नारळ फोडला तर बिघडले काय, असे तिला वाटू लागते. वाचकहो, धम्माची खरी कसोटी समारंभात लागत नाही. ती या रात्री, या उंबऱ्यावर लागते.

अशा वेळी आपण काय उत्तर द्यावे? पहिले उत्तर साधे आहे. देव्हारा भरलेला होता तेव्हाही त्या घरातली मुले आजारी पडतच होती. तथागतांनी जग अनित्य आहे असे सांगितले. बौद्धांचे घर तेवढे त्यातून वगळले, असे कुठेही सांगितले नाही. दीक्षा हा संकटाविरुद्ध उतरवलेला विमा नव्हे. संकट आल्यावर कसे उभे राहायचे, याचे ते शिक्षण आहे.

दुसरे उत्तर नीट समजून घ्यावे लागेल. आलेले वळण स्वीकारणे आणि त्याला शरण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडले ते घडले, हे मान्य केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. परंतु ‘असेच लिहिलेले होते’ असे म्हटले की पुढचे पाऊल टाकण्याची गरजच उरत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी कथा मांडली आहे, ती कालव्याकाठच्या माणसाला चटकन समजेल. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. दोन्हीकडचे पंच नेमून तंटा मिटवावा, ही सिद्धार्थाची सूचना बहुमताने फेटाळली गेली. युद्धात सामील व्हायला त्याने नकार दिला, तेव्हा कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती यांची भीती त्याला दाखवण्यात आली. आपल्यामुळे घरच्यांना शिक्षा नको म्हणून त्याने स्वतः परिव्राजक होऊन देशत्याग पत्करला. पुढे दोन्ही पक्षांत समेट झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली. परतीची वाट मोकळी होती! पण तोवर त्याला मोठा प्रश्न दिसला होता : माणसामाणसांतला कलह मुळात उपजतो कशातून? तो परतला नाही. लादले गेलेले वळण त्याने आपल्या विचाराने स्वतःचे करून घेतले.

बाबासाहेबांचेही पाहा. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि ग्रंथ महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, मिळाली तिथून हाकलले गेले. यालाच आपले लोक ‘साडेसाती’ म्हणतात. परंतु लंडन सोडतानाच त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी पत्करली, पैसे साठवले आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या मदतीने १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले.

आणि आपल्या समाजावर आलेले सर्वांत मोठे अकल्पित वळण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. धम्मात पहिले पाऊल टाकलेला समाज पोरका झाला. दुसऱ्या दिवशी दादरला, अंत्यसंस्काराच्या ठिकाणी, रडणाऱ्या अफाट जनसमुदायाने भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अश्रू थांबवून कोणी दीक्षा घेतली नाही. अश्रू ढाळीतच घेतली. दुःख करणे हा धम्मात अपराध नाही.

इथे दोन सावधानतेच्या सूचना कराव्याशा वाटतात. एक : गरिबी, जातीचा जाच, अपमान यांना ‘आयुष्यातली वळणे’ म्हणून कोणी गोड मानायला सांगेल, तर ऐकू नका. ती माणसांनी निर्माण केलेली व्यवस्था आहे. ती स्वीकारायची नसते, बदलायची असते. दोन : ज्या घरात मृत्यू झाला तिथे अनित्यतेवर व्याख्यान देऊ नका, आणि ‘मागच्या जन्मीचे कर्म’ हा शब्द तर चुकूनही काढू नका. तिथे भाकरी घेऊन जा, दवाखान्याचे व कचेरीचे कागद पुरे करून द्या, जवळ बसा. मैत्री आणि करुणा यांचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच आहे.

घरात बाळ जन्मले तर पाचव्या दिवशी त्रिसरण-पंचशील जरूर घ्या. कोरा कागद आणि लेखणीही ठेवा. मात्र रात्रभर कोणाची वाट पाहू नका. बाळाच्या लसीकरणाच्या तारखा त्यावर लिहून टाका. आईला लिहिता येत असेल तर तिनेच लिहाव्यात. उरलेली जागा मोकळी राहू द्या. लिहिण्याजोगे झाले की ते मूलच ती भरील.

जय भीम!

— एक शिक्षक, काटेवाडी (ता. बारामती)