हसणारे आपलेच असतात



आज भागवताच्या एकादश स्कंधातला 29वा अध्याय, 16वा श्लोक. उद्धवाला निरोप देण्याआधी भगवंत त्याला शेवटचं काही सांगतायत. कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव, सगळ्यांना जमिनीवर आडवं होऊन दंडवत घाल. ('चांडाळ' हा शब्द आज वाचताना टोचतो. टोचायलाच हवा.) एवढं आपण कीर्तनात ऐकलेलं असतं. पण श्लोकाचा पहिला अर्धा भाग पारायणात पटकन निघून जातो. तिथे म्हटलंय, तुझीच माणसं तुला हसतील. हसू दे त्यांना, आणि देहाची लाजही सोड.

म्हणजे भगवंतांनी इथे अडथळा म्हणून शत्रू सांगितलेला नाही, द्वेषही नाही. आपल्याच माणसांचं हसू सांगितलंय.

याच स्कंधावर आपल्या पैठणच्या नाथांनी टीका लिहिली. पैठणला सुरू केली आणि 1573 साली काशीत पूर्ण केली. नाथांची गाढवाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड, रणरणत्या उन्हात तडफडणारं गाढव, आणि त्याच्या तोंडात ओतलेलं ते पाणी. शाळेत आपण ही प्राणिदयेची गोष्ट म्हणून शिकलो. मला मात्र ती नकाशावर बघायला आवडते. काशी ते रामेश्वर म्हणजे जवळजवळ अख्खा देश. तो एका कावडीने जोडायला निघालेला माणूस वाटेत थांबतो आणि म्हणतो, माझा रामेश्वर इथेच पावला. ओतलं तेही उरलेलं पाणी नव्हतं, देवाचं होतं.

तरी गाढव सोपं होतं, असं मला वाटतं. ते परक्या वाटेवर भेटलं होतं. नाथांची दुसरी आख्यायिका जास्त अवघड आहे. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत एक महाराचं पोर रडत होतं. नाथांनी त्याला कडेवर घेतलं आणि महारवाड्यात त्याच्या घरी नेऊन पोचवलं. हे स्वतःच्या गावात, रोज तोंड दाखवायचं त्या लोकांसमोर. हसणारे, नावं ठेवणारे सगळे ओळखीचे. श्लोकाचा पहिला अर्धा भाग नाथ तिथे जगले.

आता थोडं आपल्याकडे. राज्यघटनेच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता यांच्याबरोबर 'बंधुता' आहे. 25 नोव्हेंबर 1949ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांचा मुद्दा हाच होता की बंधुता नसेल तर बाकीची तत्त्वं वरून दिलेल्या रंगाइतकीच टिकतील. स्वातंत्र्य आणि समता यांच्यासाठी कोर्टात जाता येतं. पण शेजाऱ्याला भाऊ माना, असा हुकूम कुठलं कोर्ट देणार? ते जिन्यात, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीपाशीच ठरतं.

पाण्याचं तर आपल्या शहरात कुणाला सांगायला नको. जायकवाडीच्या जलाशयाला नाव नाथांचं, नाथसागर. पण नळाला पाणी कधी येणार हे बघूनच आपण आठवड्याचं गणित मांडतो. मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, शेजारच्या साइटवरच्या बायका पाण्यासाठी लांब जातात, आपल्या टँकरमधून त्यांना रोज चार हंडे भरू द्यावेत का? लगेच उत्तर आलं, "धर्मशाळा उघडलीय का?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. वाईट माणसं नाहीत ही. 26 जानेवारीला आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, याच सगळ्यांच्या डीपीवर तिरंगा असतो आणि तो मनापासून असतो.

पाणी कमी होतं हे खरंच. पण विषय संपला तो पाण्याच्या हिशोबावर नाही, हसण्यावर. चार हंडे म्हणजे किती लिटर, हे कुणी मोजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेटपाशी स्वतःच्या वाट्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. ग्रुपवर काही लिहिलं नाही. जाता-येता लोक हसले, एकाने फोटोपण टाकला. चौथ्या-पाचव्या दिवशी तिथे पाच बादल्या होत्या.

असं किती दिवस करायचं, हा प्रश्न उद्धवाच्याही मनात आला असेल. उत्तर पुढच्याच श्लोकात आहे: सर्व भूतांमध्ये मीच आहे असं खरोखर दिसायला लागेपर्यंत, वाणीने, मनाने आणि शरीराने. त्यातल्या 'शरीराने' या शब्दावर उद्या बोलू.