कणसरीचा हिस्सा

पहिला पाऊस पडला की डहाणू-तलासरीच्या रानातली शेवळं टोपल्यांतून बाजारात उतरतात. मागोमाग कोळीची भाजी, कंटोळी येतात. घोलवडच्या चिकूला तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावच्या, ताज्या मालाला आता घरपोच सेवेचं दार उघडलं आहे आणि तो मागवणाऱ्याला थोडं पुण्य केल्यासारखंही वाटतं. मला ते पुण्य शंकास्पद वाटतं. ज्या मातीतून हा माल येतो, तिथल्या वारल्यांचा रिवाज आहे की पावसात उगवलेली नवी भाजी किंवा नवा भात देवाला दाखवल्याआधी तोंडात घालायचा नाही. धान्य म्हणजे कणसरी, त्यांची धान्यदेवी, त्यांची आई; आणि आई आधी, आपण नंतर. भूक लागली आहे, भाजी समोर उगवली आहे, तरी हात आवरायचा, हे या रिवाजाचं मर्म. घरपोच सेवा नेमकी उलट्या बाजूने चालते: इच्छा झाली की वस्तू दारात. शेत चार कोसांवर असलं म्हणून त्या इच्छेची जात बदलत नाही.

यावर कोणी म्हणेल, हा रिवाज म्हणजे रोपाला वाढू देण्याची जुनी युक्ती. देव काढून घेतला तरी वेळापत्रक उरतंच. उरेल, पण किती दिवस? चांगला भाव आला की वेळापत्रक मोडता येतं, कारण ते आपणच आखलेलं असतं. पैसे मोजले की हिशेब मिटला, हा दुसरा आक्षेप. पैशाने खुडणारीच्या श्रमाचं मोल होतं (तेही पुरतं होतं असं नाही), पण शेवळाचा कंद कोणी लावलेला नसतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञाला, म्हणजे इतर जीवांसाठी काढलेल्या वाट्याला, वेगळी जागा आहे ती अशाच न फिटणाऱ्या देण्यासाठी.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे. देण्याची भाषा या मुलखात जपूनच वापरावी लागते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी इथले वारली सावकाराचे लग्नगडी झाले, जमीनदारासाठी फुकट वेठ राबले. ती वेठ नाकारण्याचा निर्धार मे 1945 मध्ये झरी गावी झाला, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने. म्हणून संयमाचा उपदेश भाजी विकणारीला करणं म्हणजे तिच्या पोटावर पाय. तिला रोख हवी, आणि दारापर्यंत गिऱ्हाईक मिळत असेल तर ते तिने घ्यावंच. हात आवरायचा आहे तो खाणाऱ्याने, आणि तोही तिच्या तोट्यात नव्हे. मागवणाऱ्याने हंगामाचे पैसे आधी द्यावेत, टोपलीत येईल ते शिजवावं, आणि रानाने काहीच न दिलेल्या आठवड्याचे पैसे परत मागू नयेत.