तारेला दिलेला डाग

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मोहल्ल्यात आम्हाला अर्धा मिस्त्रीच समजतात. मागच्या हिवाळ्यात नववीतला एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर पिशवीत मोठ्या भावाचे प्लेस्टेशन २ घेऊन आला. टीव्हीला जोडून खेळायचे हे यंत्र सोनी कंपनीने २००० साली आणले आणि २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. यंत्र पोरापेक्षा वयाने मोठे.

झाकण उघडले. आत बोर्डावर एक छोटी चिप बाहेरून बसवलेली होती, आणि तिच्यापासून केसासारख्या बारीक तारा निघाल्या होत्या. चिपला वीज देणारी तार कनेक्टरच्या तोंडाशीच तुटलेली होती. बसवणाऱ्याने तिथे तारेला आधार दिला नव्हता. हलून हलून ती तुटली. वीस मिनिटांचे काम.

हात थांबला तो दुसऱ्याच कारणाने. डिस्क आत घेताना हे यंत्र दोन गोष्टी तपासते: डिस्क असली आहे का, आणि ती याच भागात विकण्यासाठी बनवलेली आहे का. चिप मध्येच उभी राहून दोन्हींना 'हो' म्हणते. खोटी साक्षच म्हणा. तार तुटली आणि साक्षीदार गप्प झाला. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते, उलट प्रामाणिक झाले होते!

पोराच्या पिशवीत पंधरा-वीस डिस्क होत्या. एक सोडून सगळ्या नकला. ती एक मात्र अमेरिकेतून मामूंनी पैसे मोजून आणलेली, असली. तिलाही यंत्र नकार देत होते, कारण ती तिकडच्या भागासाठी होती. एकाच तारेतून हक्काची वस्तूही जाणार आणि चोरीचीही. तार काय निवड करणार?

कायदा इथे नियतीला विचारतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ कलम आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द वाचून आम्हाला क्षणभर बरे वाटले. पण नियतीची खरी अडचण हीच की तिचा पहिला वकील आपण स्वतःच असतो. एका असली डिस्कच्या आडून आम्ही पंधरा नकलांसाठी डाग देणार होतो, हे आम्हाला दिसत होते.

तेवढ्यात पोराने विचारले, "सर, इम्तिहान की कॉपी और ये कॉपी, एकही बात है क्या?"

परीक्षेच्या वेळी कॉपीविरुद्ध सर्वांत मोठ्याने बोलणारे आम्हीच. आणि आमचे बी.एड. झाले ते अख्ख्या पुस्तकांच्या झेरॉक्सवर. पुस्तक महाग होते, खिसा रिकामा होता. पण हेच कारण हा पोरगाही सांगू शकतो. वर, हे खेळ आता दुकानात नवे मिळतही नाहीत. आमचे पुस्तक तरी मिळत होते. आम्ही म्हणालो, "एकच बात आहे." झेरॉक्सचेही सांगितले. तो हसला नाही.

त्या बी.एड.मध्ये आम्ही नई तालीमची व्याख्या पाठ केली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हातकाम शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. आम्हाला मात्र वर्षभरात कुणी हातात सोल्डरिंग आयर्न दिले नाही. ते आम्ही एका रेडिओवाल्या चाचांच्या टपरीत शिकलो. म्हणून पोराला शेजारी बसवले. तारेची टोके सोलायला लावली, आधी पेस्ट, मग कथील, वर स्लीव्ह. आणि या वेळी तार बोर्डाला चिकटवून आधारही दिला. दुसरा डाग त्यानेच दिला, आमच्यापेक्षा नीट.

होय, दुरुस्त करून दिले. अट एवढीच घातली की नकला विकत घ्यायच्या नाहीत. अट कोण पाळते हे आम्ही पाहायला जाणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

आठवड्याने दुसरा एक मुलगा आला. त्याच्या यंत्रात चिप नव्हती, ती बसवून हवी होती. आम्ही साफ नाही म्हटले. मोडलेले जोडणे वेगळे, नवे कुलूप तोडून देणे वेगळे, असे त्याला समजावलेही. तो गेल्यावर बायको म्हणाली, "पहिल्याला का हो म्हटलं मग?" आम्ही फरक पुन्हा सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "हा दुसरा तुमच्या वर्गातला नाही ना?"

नव्हता.