मुखवट्याखालचा कारखानदार

स्वतःला लपवणारा माणूस केवळ त्या लपवण्यामुळे दोषी ठरतो काय, हा प्रश्न हेरकथेत सहसा विचारला जात नाही. लपणे ही तेथे कथेचीच अट असते. जो सायमन व जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाने मात्र, बहुधा अभावितपणे, तो उपस्थित केला आहे. अंकावर मार्च १९४१ ही तारीख असली तरी तो विक्रीस आला डिसेंबर १९४०मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी.

या अंकातला रेड स्कल हा लाल कवटीचा मुखवटा चढवून लष्करी अधिकाऱ्यांचे खून करणारा नाझी हस्तक आहे. मुखवटा उतरल्यावर निघतो जॉर्ज मॅक्सन, एक अमेरिकन विमान-कारखानदार. अमेरिका जिंकल्यावर तेथील उद्योगांचे मंत्रिपद देण्याचे आमिष हिटलरने त्याला दाखवलेले असते. मुखवट्याचा रूढ संकेत येथे उलटा होतो. कवटी ही मॅक्सनची कबुली आहे. सोंग आहे ते प्रतिष्ठित उद्योगपतीच्या चेहऱ्याचे.

परंतु दुहेरी आयुष्य नायकही जगतो. छावणीतला सामान्य शिपाई स्टीव्ह रॉजर्स सोबत्यांपासून आपली ओळख दडवतो. मित्राच्या जिवावर उठलेल्यालाही खोटे सांगू नये, असे १७९७मध्ये प्रतिपादणाऱ्या कांटच्या कसोटीवर दोघेही एकाच पिंजऱ्यात उभे राहतील. केवळ हेतूकडे बोट दाखवून रॉजर्सची सुटका होत नाही. उदात्त हेतू कोणताही हेर सांगू शकतो. भेद आहे तो विश्वासाच्या वापरात. रॉजर्स ज्यांच्यापासून लपतो, त्यांच्या विश्वासाचे तो त्यांच्याविरुद्ध हत्यार करत नाही. मॅक्सनचे हत्यार तेवढेच आहे.

हा भेद पुरेसा वाटत असतानाच कथा तो डळमळीत करते. झटापटीत मॅक्सन स्वतःच्याच विषारी सुईवर लोळून मरतो. कॅप्टन अमेरिका ते पाहतो, पण थांबवत नाही. बकी विचारतो तेव्हा उत्तर देण्याचे टाळतो. मुखवट्याआडून केलेल्या कृतीचा जाब कोणाला द्यायचा, हा प्रश्न आता नायकावरच येऊन पडतो आणि संहिता त्यावर गप्प राहते. मुलांसाठीच्या दहा सेंटच्या अंकात हे मौन यावे, हे नवलच.

त्या काळचे भय निराधार नव्हते. जून १९४१मध्ये ड्यूकेन हेरजाळ्यातले लोक पकडले गेले. दोषी ठरलेल्या ३३ जणांत नॉर्डन बॉम्बसाइटच्या कारखान्यातला हर्मन लांगही होता. (ते जाळे उघडकीस आणणारा विल्यम सेबोल्ड स्वतः दुहेरी आयुष्य जगत होता, हे येथे लक्षात ठेवावे.) मात्र फेब्रुवारी १९४२च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. चेहरा हाच पुरावा ठरला. चेहऱ्यावर विसंबू नये, हे मॅक्सनच्या कथेत गर्भित होते. युद्धकाळातल्या कॉमिक्सनी सुळे काढलेल्या जपानी सैनिकांची मुखपृष्ठे छापून ते पुसून टाकले.

१९६५मध्ये स्टॅन ली व कर्बी यांनी रेड स्कलला नवा पूर्वेतिहास दिला: हिटलरने हाती धरलेला एक जर्मन अनाथ, हॉटेलातला नोकर. मॅक्सन पुढे खऱ्या रेड स्कलचा हस्तक ठरवला गेला. दुष्टता अशी समुद्रापार पाठवण्यात आली. तिच्यासोबत विमानाचा तो कारखाना आणि मंत्रिपदाचा तो सौदाही कथेच्या कडेला गेला.